पाणी हलेना, दाणा मिळेना

ओट्याखाली एक फट.
फटीत एक बीळ.
बिळात राहायची एक मुंगी. तिचं नाव मिरी.
मिरीच्या दाण्याहून लहान, पण मिरीसारखीच तिखट.

आज मिरीच्या बिळात गडबड होती. धाकट्या तिळूचं उष्टावण होतं. म्हणजे काय? म्हणजे तिळू आज पहिल्यांदा भात खाणार होता! मुंगळामामा आला होता. मामानं पहिला घास भरवायचा असतो ना, म्हणून. चिंचोक्याच्या सालाचा पाट मांडला होता. पाटावर तिळू बसला होता. बसला होता आणि पेंगत होता.

आई मुंगी म्हणाली, "मिरे, सगळं आहे गं, तांदूळच नाही. दिवे लागायच्या आत एक दाणा आण."
"आणते!" मिरी म्हणाली.
आणि निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

वर माणसांच्या घरातही गडबड होती.
नवं मशीन आलं होतं. भांडी घासायचं मशीन! पांढरंशुभ्र, चकचकीत.
मशीन येणार म्हणून सकाळपासून कुणी भांडी घासलीच नव्हती. सिंकमध्ये कढई. कढईत पातेलं. पातेल्यात वाट्या. वाट्यांवर झारा.
आई दमली होती. आजी दमली होती. बाबा तर फारच दमले होते. कारण मशीन बाबांनी स्वतः जोडलं होतं.

बाबांची एक सवय होती. नव्या वस्तूचं काही काढायचं नाही. टीव्हीचा रिमोट पिशवीत. खुर्चीचे पाय पिशवीत. मिक्सरवर अजून चिकटपट्टी.
"नव्याचं काढू नये," बाबा म्हणायचे. "राहू दे."

आजीनं मशीनची पूजा केली. हळद लावली. कुंकू लावलं. झेंडूचं फूल ठेवलं. कुंकवात माखलेल्या लाल अक्षता वाहिल्या.
एक दाणा घसरला. टिक! मशीनच्या दाराच्या वरच्या कडेवर अडकला.
"उचलू का?" आई म्हणाली.
"राहू दे," आजी म्हणाली. "पडला तो मुंगीचा."

मिरीनं ऐकलं.
मिरी हसली.
मिरी मशीनवर चढू लागली. तुरुतुरु, तुरुतुरु.

बाबांनी बटण दाबलं. आत नुसतं साधं पाणी. साबण नाही, भांडी नाहीत. सुरुवातीला बघायचं असतं ना, चालतं का!
मशीन चाललं. घुर्र, घुर्र. घुर्र, घुर्र.
मग म्हणालं, टीं टीं टीं. झालं!

इकडे मिरी दारावर पोचली. तिनं लाल दाणा उचलला. डोक्यावर घेतला.
तेवढ्यात बाबांनी दार उघडलं.
दार खाली कललं. मिरीनं दार धरलं घट्ट. पण दाणा सुटला.
टिक. टिक. टिक. टिक...
डुबुक!
दाणा गेला मशीनच्या पोटात.

आणि मशीनच्या पोटात होतं पाणी. तळाशी साचलेलं. गढूळ, कोमट, गप्प.
"अगं बाई," आजी म्हणाली, "पाणी गेलंच नाही!"
आईनं सिंककडे बघितलं. कढईकडे बघितलं. नुसता उसासा टाकला. हुश्श.
बाबा म्हणाले, "नवंकोरं मशीन आणि बिघडलं! आत्ताच्या आत्ता फोन करतो."
आणि बाबा फोन घेऊन जमिनीवर बसले.

मिरी पाण्याच्या काठाशी गेली.
"पाण्या रे पाण्या, जरा बाजूला हो ना! माझा लाल दाणा खाली पडलाय."
पाणी म्हणालं, "मला पण जायचंय गं. इथं बसून बसून कंटाळा आला. पण मी आपण होऊन जात नाही. पंपानं ढकललं की जातो. पंप ढकलत नाही, मी हलत नाही. पंपाकडे जा."

पाण्याच्या खालून जाळी बोलली. जाळी तळाशी असते. खरकटं अडवते.
"मिरे, काळजी करू नकोस. तुझा दाणा माझ्यावर पडलाय. मी त्याला जाऊ देणार नाही. पण लवकर ये हं! तो भिजायला लागलाय."
"भिजायला?" मिरी घाबरली. "भिजला, विरघळला, तर तिळू काय खाईल?"

मिरी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.
मशीनच्या खाली शिरली. तिथं अंधार होता. तिथं होता पंप. गोल, गरम, धापा टाकणारा.
"पंपा रे पंपा, जरा ढकल ना!"
"का गं मिरे? झालं तरी काय?"
मिरी म्हणाली,

"पाणी हलेना,
माझा लाल दाणा मला मिळेना!"

पंप म्हणाला, "गुर्र, गुर्र! ढकलून ढकलून माझी कंबर मोडली. मी ढकलतो, पाणी परत येतं. नळी पुढे ओततच नाही! नळी ओतत नाही, मी ढकलत नाही. माझा काय दोष? नळीकडे जा."

मिरी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.
मशीनच्या मागे होती नळी. लांब, करडी, वळ्यावळ्यांची. आधी वर चढायची, मग खाली उतरायची.
मिरी चढली. एक वळी चढली. आणखी एक वळी चढली. आणखी एक.
वर पोचली तेव्हा दमली होती.
"नळीबाई नळीबाई, जरा ओता ना!"
"का गं मिरे? झालं तरी काय?"
मिरी म्हणाली,

"पंप ढकलेना,
पाणी हलेना,
माझा लाल दाणा मला मिळेना!"

नळी म्हणाली, "बघ माझ्याकडे! कुठे वाकडी आहे? कुठे दबलेय? नाही ना! मी अगदी नीट आहे. पण सिंकखालचा पाइप गिळतच नाही. पाइप गिळत नाही, मी ओतत नाही. माझा काय दोष? पाइपाकडे जा."

मिरी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.
थोडं चालली. थोडं बसली. पुन्हा चालली.
सिंकखाली होता पाइप. जाडा, जुना, घसा बसलेला.
"पाइपकाका पाइपकाका, जरा गिळा ना!"
"का गं मिरे? झालं तरी काय?"
मिरी म्हणाली,

"नळी ओतेना,
पंप ढकलेना,
पाणी हलेना,
माझा लाल दाणा मला मिळेना!"

पाइप म्हणाला, "अगं, मी तर आ वासून बसलोय! सिंकचं पाणी गिळतो. ताकाचं गिळतो, वरणाचं गिळतो, कधी नाही म्हटलंय? पण त्या नळीचं पाणी माझ्यापर्यंत येतच नाही. मध्ये बूच बसलंय. बूच निघत नाही, मी गिळत नाही. माझा काय दोष? बुचाकडे जा."

आता मिरी चिडली.
"जो तो म्हणतो, माझा काय दोष! जो तो म्हणतो, पुढे जा! कुणाला बोट नाही, तरी सगळे बोट दाखवतात!"
पण बसून कसं चालेल? तिकडे दाणा भिजत होता. तिकडे तिळू वाट बघत होता.

मिरी निघाली. तुरु... तुरु... तुरु... तुरु...
थोडं चालली. थोडं बसली. पुन्हा चालली.
मशीनसाठी पाइपाला एक छोटी नवी तोटी बसवली होती. तोटीवर नळी चढवली होती. आणि तोटी नि नळी यांच्यामध्ये एक पिवळी कड डोकावत होती.
तेच बूच! पिवळंधमक. गोल गोल. तोटीच्या तोंडात गच्च बसलेलं.
"बुचा रे बुचा, जरा नीघ ना!"
बुचानं एक डोळा उघडला.
"का गं मिरे? झालं तरी काय?"
मिरी म्हणाली,

"पाइप गिळेना,
नळी ओतेना,
पंप ढकलेना,
पाणी हलेना,
माझा लाल दाणा मला मिळेना!"

बूच म्हणालं, "मग मी काय करू? मला दुकानात इथं बसवलं. धूळ जाऊ नये म्हणून. नळी जोडताना मला काढायचं असतं."
"मग का नाही काढलं?"
"बाबांनी बघितलं मला. म्हणाले, 'वा, नवीन आहे. राहू दे.' आणि माझ्यावरूनच नळी चढवली. खटक! मी बसलोय. मला कुणी ऊठ म्हटलेलं नाही. बाबा काढत नाहीत, मी निघत नाही. माझा काय दोष? बाबांकडे जा."
आणि बुचानं डोळा मिटला.

मिरी निघाली. तुरु... तुरु... तुरु... तुरु...
थोडं चालली. थोडं बसली. पुन्हा चालली.
फरशी गार होती. फरशी लांबच लांब होती. मिरीचे पाय दुखत होते. पुढचे दुखत होते. मधले दुखत होते. मागचे तर फारच दुखत होते.

बाबा जमिनीवर बसले होते. पाठ भिंतीला टेकलेली. फोन कानाला लावलेला. डोळे अर्धे मिटलेले.
मिरी त्यांच्या पायाशी गेली. अंगठ्यावर चढली.
"बाबा, ओ बाबा, जरा उठा ना!"
"का गं? झालं तरी काय?" बाबा डोळे न उघडताच म्हणाले.
मिरीनं मोठा श्वास घेतला. मिरी म्हणाली,

"बूच निघेना,
पाइप गिळेना,
नळी ओतेना,
पंप ढकलेना,
पाणी हलेना,
माझा लाल दाणा मला मिळेना!"

"हं, हं," बाबा म्हणाले. "बघू हं. आधी फोन लागू दे."
"अहो, पण बूच..."
"हं, हं."
"पिवळं बूच हो बाबा! सिंकखाली..."
"हं. फोन लागला की मगच उठेन. फोन सोडत नाही, मी उठत नाही. मशीन बिघडलं त्यात माझा काय दोष?"

ऐकलं का? सगळं सांगितलं मिरीनं. सगळं! पण बाबांनी ऐकलंच नाही.

मिरी निघाली. बाबांच्या पायावरून गुडघ्यावर. गुडघ्यावरून पोटावर. पोटावरून हातावर. हातावरून फोनवर.
फोनमध्ये गाणं वाजत होतं. टिंग टिंग टिडिंग. टिंग टिंग टिडिंग. तेच तेच. तेच तेच.
"फोना रे फोना, बाबांना सोड ना!"
"टिंग टिंग टिडिंग," फोन म्हणाला. "झालं तरी काय?"
मिरी म्हणाली,

"बाबा उठेनात,
बूच निघेना,
पाइप गिळेना,
नळी ओतेना,
पंप ढकलेना,
पाणी हलेना,
माझा लाल दाणा मला मिळेना!"

फोन गोड आवाजात म्हणाला, "आपण रांगेत आहात. कृपया थांबा."
मिरीनं इकडे बघितलं. तिकडे बघितलं.
"रांग? कुठाय रांग? माझ्या पुढे कोण आहे?"
"आपण रांगेत आहात. कृपया थांबा."
"माझ्या मागे कोण आहे?"
"आपण रांगेत आहात. कृपया थांबा."
"किती थांबू?"
"टिंग टिंग टिडिंग."

मिरी खाली बसली. अगदी थकून बसली.
खिडकीतलं ऊन तांबूस झालं होतं. थोड्या वेळानं दिवे लागणार. बिळात सगळे वाट बघत असतील. तिळू विचारत असेल, "ताई कुठंय? भात कुठंय?"
मिरीला रडू आलं.
एक छोटा थेंब. एवढासा.

आणि मग मिरीला राग आला.
"रांग म्हणे! मला रांग शिकवतोस? मी मुंगी आहे मुंगी! रांगेत पुढचा दिसतो. रांगेत मागचा दिसतो. रांग पुढे सरकते! पुढे सरकत नाही ती कसली रांग? थांब, तुला दाखवते रांग कशी असते!"

मिरी खाली उतरली. फटीच्या तोंडाशी गेली. आणि ओरडली,

"फोन सोडेना,
बाबा उठेनात,
बूच निघेना,
पाइप गिळेना,
नळी ओतेना,
पंप ढकलेना,
पाणी हलेना,
माझा लाल दाणा मला मिळेना!"

बिळातून मुंगळामामा बाहेर आला. "कोण गं आमच्या मिरीला दमवतंय?"
मामाच्या मागून मावशी आली. मावशीच्या मागून काकी आली. काकीच्या मागून शेजारीण आली. शेजारणीच्या मागून शेजारणीची सासू आली. त्यांच्या मागून आणखी. त्यांच्या मागून आणखी!
मिरी सगळ्यांच्या पुढे.
"चला!"
तुरुतुरु, तुरुतुरु. तुरुतुरु, तुरुतुरु.

रांग फोनवर गेली. रांग बाबांच्या हातावरून उतरली. पोटावरून उतरली. गुडघ्यावरून उतरली. रांग फरशीवरून निघाली. सिंकखाली शिरली. पाइपावर चढली. आणि पिवळ्या बुचाभोवती गोल करून थांबली.
काळी काळी, लांबच लांब रांग!

बाबांना गुदगुल्या झाल्या.
आजीनं बघितलं.
"अगं बाई! मुंग्या लागल्या! साखर सांडली की काय?"
आईनं बघितलं. "बघा हो, कुठं चालल्यात त्या?"
मुंग्या लागल्या की काय करतात? मुंग्या कुठं जातात ते बघतात!
"ऊठ रे बाळ्या," आजी बाबांना म्हणाली. "रांगेच्या मागं जा. काहीतरी सांडलंय."
"पण आई, फोन..."
"फोन ठेव खाली! ऊठ म्हणते ना!"

बाबा मशीनसाठी उठले नव्हते. बाबा मिरीसाठी उठले नव्हते. पण आजी ऊठ म्हणाली, आणि बाबा उठले!
फोन ओट्यावर ठेवला. टिंग टिंग टिडिंग.
बाबा वाकले. रांगेच्या मागे मागे गेले. फरशीवरून. सिंकखाली. पाइपापाशी. बॅटरी लावली.
मुंग्यांचा काळा गोल. गोलाच्या मध्ये पिवळी कड.
बाबा बघत राहिले.
"हे बूच..." बाबा म्हणाले. "हे बूच इथं कुणी ठेवलं?"
आईनं बाबांकडे बघितलं.
मग आजी म्हणाली, "तूच की रे! 'नव्याचं काढू नये, राहू दे,' म्हणालास. मी इथंच उभी होते!"
बाबांचे कान लाल झाले. अगदी कुंकवासारखे.

बाबांनी हळूच फुंकर मारली. फू, फू. मुंग्या बाजूला झाल्या.
आईनं खाली बादली धरली.
बाबांनी नळी ओढली. भस्सकन पाणी आलं! थोडं बादलीत. बरंचसं बाबांच्या शर्टावर.
आई हसली. सकाळपासून पहिल्यांदा हसली.
मग बाबांनी बूच धरलं. ओढलं. निघेना. आणखी ओढलं. निघेना. दोन्ही हातांनी ओढलं.
पच्च!
बूच निघालं!

बाबांनी नळी पुन्हा तोटीवर चढवली. खटक! दार लावलं. बटण दाबलं. टीं!
आणि मग काय झालं?

बाबा उठले,
बूच निघालं,
पाइप गिळू लागला. गट गट गट!
नळी ओतू लागली. धो धो धो!
पंप ढकलू लागला. गुर्र गुर्र गुर्र!
पाणी हललं. पाणी फिरलं. पाणी गुडगुडलं.
गुड गुड गुड गुड... सुर्रर्र!
पाणी गेलं!

बाबांनी दार उघडलं. मिरी धावली. दारावरून खाली. खालून तळाशी. तळाशी जाळी.
"जाळीताई, माझा दाणा?"
"हा घे. सांभाळून ठेवलाय."
मिरीनं दाणा बघितला. मिरीचं तोंड उतरलं.
"हा माझा नाही. माझा लाल होता. हा पांढरा आहे. माझा बारीक होता. हा केवढा मोठा आहे!"
"तोच आहे गं," जाळी म्हणाली. "कुंकू धुऊन गेलं. कोमट पाण्यात बसून बसून तो फुगला. माझ्यावरून हललासुद्धा नाही."
मिरीनं दाण्याला हात लावला. दाणा मऊ होता. मऊ मऊ.
"भिजला," मिरी म्हणाली. "मी उशीर केला. भिजला."
तिनं दाणा उचलायला घेतला. उचलेना. आता तो जड झाला होता.
मग रांग आली. मामानं एक टोक धरलं. मावशीनं दुसरं धरलं. बाकीच्यांनी मध्ये धरलं.
"हय्या हो, हय्या!"
दाणा निघाला मिरवत.

ओट्याच्या कडेनं रांग चालली होती. तेवढ्यात फोनमधलं गाणं थांबलं.
"नमस्कार!" फोन म्हणाला. "बोला, काय तक्रार आहे?"
मिरी वळली. कमरेवर हात ठेवला.
"आता काही नाही!" ती म्हणाली. "आम्ही रांगेत आहोत. तू थांब!"
आणि पुढे चालू लागली. तुरुतुरु, तुरुतुरु.

दिवे लागले. पट, पट.
आईनं कढई मशीनमध्ये ठेवली. पातेलं ठेवलं. वाट्या ठेवल्या. मग खुर्चीत बसली आणि पाय लांब केले.
"ते बूच टाक आता," आजी म्हणाली.
"टाकू कशाला?" बाबा म्हणाले. "नवीन आहे. लागेल कधीतरी."
आणि बाबांनी बूच खणात ठेवून दिलं.

बिळात तिळू पाटावर बसला होता. बसल्या बसल्या झोपला होता.
"ऊठ रे तिळू. भात आला," आई मुंगी म्हणाली.
मिरी खाली मान घालून म्हणाली, "आई, दाणा भिजला गं. मऊ झाला. मी टणक आणणार होते. कुणी हललंच नाही, मी काय करू?"
आई मुंगीनं दाणा चाचपला. मामानं दाणा चाचपला. दोघं हसायला लागले.
"अगं वेडे," मामा म्हणाला, "तिळूला दात कुठं आहेत? टणक दाणा त्यानं चावला कसा असता? मी तर सकाळपासून याच काळजीत होतो. तू आणलास तो तर शिजवल्यासारखा मऊ भात!"

मामानं दाण्याचा एक कण काढला. एवढासा. तिळूच्या तोंडात घातला.
तिळूनं तोंड हलवलं. मच मच. मच मच.
सगळे बघत राहिले.
तिळू म्हणाला, "आणखी!"
सगळे हसले. मामानं भरवलं. मग मावशीनं भरवलं. मग काकीनं, मग शेजारणीनं, मग शेजारणीच्या सासूनं. दाणा एवढा फुगला होता, की सगळ्यांना पुरला.

"बघ," शेजारीण म्हणाली, "उशीर झाला ते बरंच झालं. पाइपाचे नि पंपाचे उपकार मान."
"मुळीच नाही!" मिरी म्हणाली. "भात पाण्यानं मऊ केला. जाळीनं सांभाळला. बाकीच्यांनी नुसतं पुढे जा, पुढे जा म्हटलं. त्यांचे कसले उपकार?"
"बरं बाई, नको मानू," आई मुंगी म्हणाली. "आता तूही खा."

मिरीनं एक घास खाल्ला. गोड लागला.
मग पुढचे पाय पसरले. मधले पाय पसरले. मागचे पाय पसरले.
तिळू येऊन तिला टेकला. दोघं पेंगले.
वर मशीन चाललं होतं. घुर्र, घुर्र. घुर्र, घुर्र.
आणि मग, गुड गुड गुड... सुर्रर्र.

पाणी गेलं पाइपात,
दाणा गेला पोटात,
दमलेली मिरी गेली झोपेत.
आता तुम्हीही डोळे मिटा.